गावपळणीत ठरवलेलं हॉटेल

अँटवर्प नावाच्या शहरात मी कधी गेलेले नाही. पण तिथल्या एका हॉटेलातून निघून मोठ्या इस्पितळापर्यंत मला डोळे मिटून चालत जाता येईल. दारातून बाहेर पडलं की उजवीकडे वळायचं. कोपऱ्यावर पावाचं दुकान आहे, ते सकाळी सातला उघडतं. त्याच्यापुढे ट्रामचे रूळ ओलांडायचे, दोन्हीकडे बघून, कारण तिथे वाहनं आपल्या उलट बाजूने येतात. मग सरळ गेलं की चर्च, चर्चच्या मागून डावीकडे, आणि तिथून इस्पितळाची मागची भिंत दिसते. चौदा मिनिटं लागतात. माझ्या चालीने सतरा धरली होती.

हे सगळं मी ठरवलं ते आमच्या गावाच्या हद्दीबाहेरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, नारळाच्या झापांनी शाकारलेल्या एका खोपीत बसून. गावपळण चालू होती.

ज्यांना गावपळण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या सिंधुदुर्गात काही गावं दर तीन-चार वर्षांनी रिकामी होतात. ग्रामदेवतेचा कौल घेऊन दिवस ठरतो. त्या दिवशी देवळात नगारा वाजला की माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळ्यांनी घर सोडून हद्दीबाहेर जायचं आणि तीन दिवस, तीन रात्री तिथेच काढायच्या. चौथ्या दिवशी पुन्हा कौल होतो. देवाने दिला तर गाव भरतो, नाही दिला तर आणखी मुक्काम. मधल्या काळात गावात कोणी पाऊल टाकायचं नाही. म्हाताऱ्यांना विचारलंत तर तेवढे दिवस गाव देवाचा असतो. मला विचारलंत तर मी पूर्वी सांगायचे की साथीच्या रोगांवर शोधलेला हा जुना उपाय आहे, हवा बदलते, घरं मोकळी होतात. मी शाळेत विज्ञान शिकवते. ग्रहण लागलेलं असताना वर्गात मुलांसमोर बसून लाडू खाणारी बाई म्हणून मी पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. पण गावपळण मी कधी चुकवली नाही. सुट्टी मिळते, सगळे एकत्र जेवतात, फुगड्या होतात, भजनं होतात, सूनबाईंना चार दिवस केर-लादी नसते. कोणाला नको असेल?

त्या वर्षी मंगळवारी सकाळी नगारा झाला. मी आणि सासू, दोघीच घरी. लेक पुण्याला नोकरीला. नवरा बोटीवर. तो मालवाहू बोटीवर कुक होता, नऊ महिने समुद्रात आणि तीन महिने घरात असं आमचं सत्तावीस वर्षं चाललेलं. चारचौघांत मी त्याला 'हे' म्हणायचे आणि घरात 'अरे'. आम्ही दोघींनी भांडी, तांदूळ, अंथरुणं, दोन कोंबड्या आणि सासूच्या गोळ्या घेतल्या. दार ओढून घेतलं. माझा पासपोर्ट कपाटात, साड्यांच्या खाली राहिला. तो घेऊन निघण्याचं काही कारणच नव्हतं. तीन दिवस सड्यावर राहायला कोणी पासपोर्ट नेतं का? निवृत्तीनंतर सिंगापूर बघायला जाऊ म्हणून लेकीने मागे लागून काढायला लावलेला तो पासपोर्ट, एकाही शिक्क्याविना पडून होता.

दुपारी जेवणं उरकली आणि फोन वाजला. सड्यावर रेंज गावापेक्षा चांगली येते. कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातला माणूस होता. नवऱ्याला बोटीवर पक्षाघाताचा झटका आला होता. बोट बेल्जियमच्या अँटवर्प बंदरातच होती म्हणून लगेच इस्पितळात नेलं. उजवी बाजू गेली आहे, बोलता येत नाही, शुद्ध येते आणि जाते. डॉक्टर म्हणतात, घरच्या माणसाने यावं.

"मॅडम, वेळ फार नाही असं समजून चला," तो म्हणाला. आवाज चांगला होता त्या माणसाचा. त्याने सगळं नीट समजावलं. गुरुवारी सकाळी मुंबईत व्हिसाची तातडीची वेळ मिळाली आहे. मी मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः हजर राहायचं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत व्हिसा, रात्रीचं विमान, शनिवारी सकाळी मी तिथे. गुरुवार चुकला तर पुढची वेळ सोमवारी. अर्जासोबत राहण्याच्या ठिकाणाचं बुकिंग लागेल. कंपनीने इस्पितळाजवळची, शहराच्या मध्यावरची तीन साधी हॉटेलं शोधली होती. "लिंक पाठवतो, त्यातलं एक तुम्हीच निवडा. तुम्हाला राहायचं आहे."

मी 'बरं' म्हणाले, फोन ठेवला आणि सासूला सांगितलं. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची, नवरा तरणा असताना गेलेला, हा एकुलता एक मुलगा. ती रडली नाही. तिने विचारलं, "थय तेचा बोलणा कळणारा कोण आसा?"

कोणी नव्हतं. बोटीवरची माणसं बोटीसोबत निघून गेली होती. इंग्रजी त्याला कामापुरतं येत होतं, पण आता जीभच लुळी पडलेली, आणि एखादा शब्द आला तर तो मालवणीतच येणार. त्याने पाणी मागितलं तर तो पाणी मागतोय हे त्या शहरात कळणारं एकही माणूस नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हीच एक गोष्ट घट्ट बसली. त्याच्या उशाशी 'उदक' म्हटलेलं कळेल असं कोणीतरी असायला हवं.

लेकीचा पासपोर्ट मुदत संपून नूतनीकरणाला गेला होता, त्यामुळे जायचं तर मीच. आणि माझा पासपोर्ट गावात होता. आमच्या खोपीपासून घर जेमतेम दीड किलोमीटर. सड्यावरून उतरायचं, व्हाळ म्हणजे ओढा ओलांडायचा की हद्द, पुढे शाळा, देऊळ, तिठा, घर. उन्हात अर्धा तास जायला आणि अर्धा यायला.

मी काय केलं? मी हॉटेल बघायला घेतलं.

पहिल्या हॉटेलाला लिफ्ट नव्हती. पाचव्या मजल्यावर खोली, जिना अरुंद. माझे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. दुसरं स्टेशनसमोर, स्वस्त आणि मस्त म्हणतात तसलं, पण राहून गेलेल्यांनी लिहिलं होतं की खाली दारूचं दुकान आहे आणि माणसं आरडाओरडा करतात. एकट्या बाईला ते नको. तिसरं बरं होतं. तीन मजली, जुनं, दोन घरांच्या मध्ये चेपून बसवल्यासारखं. लिफ्टमध्ये दोनच माणसं मावतील, पण लिफ्ट होती. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीचा फोटो होता: एक पलंग, निळी चादर, छोटं टेबल, पाणी तापवायची किटली, मागच्या अंगणात उघडणारी खिडकी. चेक-इन दुपारी तीनला. मी सकाळीच पोचणार होते, म्हणून मी त्यांना इंग्रजीत मेल लिहिली की सामान सकाळी ठेवता येईल का. दहा मिनिटांत उत्तर आलं, हो, येईल. मला त्याचा केवढा आनंद झाला! काहीतरी मार्गी लागलं असं वाटलं. शनिवारपासून आठ दिवसांचं बुकिंग केलं.

सासू शेजारी बसून विचारत होती. आमच्याकडे हॉटेल म्हणजे चहा-भजी मिळण्याची जागा, त्यामुळे तिथे झोपायचं कसं हेच तिला उमजत नव्हतं. "खिडकी आसा मा? जिनो चडाचो नाय मा? थय पेज गावतली?"

पेजेचं मी मनावरच घेतलं. किटलीत उकड्या तांदळाची पेज होते का, हे मी इंटरनेटवर तासभर शोधलं. तांदूळ आधी भिजवून ठेवायचे, पाणी उकळलं की बंद करायचं, पुन्हा उकळायचं, असं चार-पाच वेळा. होते. मग ती थर्मासात भरून इस्पितळात न्यायची. सतरा मिनिटांत थंड होणार नाही. त्याला गिळता येतं की नाही हे मी कोणाला विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी देवळातले मानकरी खोपीवर आले. सड्यावर बातमी पसरायला वेळ लागत नाही. सत्तरीचे गृहस्थ, माझ्यासमोर कधी मोठ्याने न बोलणारे. उभ्या-उभ्याच म्हणाले, "बाईनूं, तुमका जाऊचा आसात तर जावा. मिया देवाक गाऱ्हाणा घालतंय. अशा येळेक देव रागावना नाय."

मी मान हलवली. ते गेले. मी आठवीच्या चाचणीचा एक कोरा पेपर घेतला आणि त्यावर हॉटेल ते इस्पितळ नकाशा काढायला बसले.

बुधवारी सकाळी इस्पितळातून व्हिडिओ फोन आला. नर्सने मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरला होता. तोंड एका बाजूला ओढलेलं, दाढी वाढलेली, नाकात नळी. आयुष्यभर जेवण रांधणाऱ्या माणसाच्या नाकात जेवणाची नळी. मी म्हटलं, "मी येतंय रे. शनवारी येतंय." त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. नर्सने इंग्रजीत विचारलं, नक्की कोणी येतंय ना? ते सारखे दाराकडे बघतात.

मी म्हटलं, नक्की. हॉटेलसुद्धा ठरलं आहे.

फोन ठेवून वळले तर सासू खोपीत नव्हती. काठी नव्हती. मी बाहेर धावले. ती सड्याच्या उतारावर, ओचा खोचून, व्हाळाच्या दिशेने चालली होती. मागून हाका मारल्या तर थांबेना. मी व्हाळाच्या अगदी काठावर तिला गाठलं आणि तिचा दंड धरला.

"सोड," ती म्हणाली. "पासपोट मी घेवन येतंय. खंय ठेवलंस ता सांग."

"आई, नको."

"नको कित्या? तो थय एकटो आसा. माझे आता कितके दिस रवले? पाप लागलाच तर माका लागांदे."

व्हाळात पाणी कमी होतं. पलीकडे गाव. गाव रिकामा झालेला मी दर गावपळणीत सड्यावरून लांबून बघितला होता, पण इतक्या जवळून नाही. कोंबडा नाही, कुत्रं नाही, पंपाचा आवाज नाही. शाळेची कौलं दिसत होती. माझी शाळा, जिथे मी भुताखेतांची यथेच्छ टवाळी केली होती. आणि मी, ग्रहणात लाडू खाणारी, त्या पाण्यात पाय टाकत नव्हते.

मी काय म्हणाले ते शब्दन् शब्द आठवतंय. "नियम मोडलो आणि तेका थय काय झाला तर? मगे मी काय करू?"

मला देवाची भीती वाटली नाही, असं मी अजूनही म्हणू शकते. मी देवाशी सौदा करत होते. मी तीन दिवस नेमाने बाहेर राहते, तू त्याला तगव. इतकी वर्षं ज्याला मानलं नाही त्याच्याशी ऐन वेळेला असला करार. आणि करारात माझ्या बाजूने द्यायचं होतं ते काय? बसून राहणं. ते सोपं होतं म्हणूनच मी ते निवडलं, हे कळायला मला फार वेळ लागला. त्या खोलीत, त्या निळ्या चादरीवर माझा नवरा लुळा झालेला मला बघावा लागणार नव्हता. फोटोतली खोली नीटनेटकी होती. तिथे अजून काहीच घडलेलं नव्हतं.

सासू माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा जोर गेला. मी तिला हाताला धरून वर आणलं. वाटेत ती एकदा म्हणाली, "तुझो घोव तो. तुका कळता ता कर."

कंपनीच्या माणसाला मी सांगितलं की पासपोर्ट वेळेत मिळत नाही, सोमवारची वेळ घ्या. तो 'ठीक आहे मॅडम' म्हणाला. बुधवारचा उरलेला दिवस आणि आख्खा गुरुवार मी त्या हॉटेलावर घालवला. बुकिंग चार दिवस पुढे सरकवलं. राहून गेलेल्या माणसांनी लिहिलेलं सगळं वाचून काढलं, परक्या भाषेतलं फोनवर भाषांतर करून. कोणी लिहिलं होतं खोली लहान पण स्वच्छ. कोणी लिहिलं होतं चर्चची घंटा सकाळी सहाला वाजते, झोप मोडते. मला चालणार होतं, मी पाचला उठते. बाजूच्या खोपीत बायका फुगड्या घालत होत्या, मला बघून आवाज कमी करत होत्या, मग विसरून पुन्हा हसत होत्या. मला त्यांचा राग आला. सगळ्या सड्याचा राग आला. स्वतःचा सोडून सगळ्यांचा.

शुक्रवारी कौल झाला. दुपारी गाव भरला. मी घरात शिरले ती थेट कपाटाकडे. पासपोर्ट जिथे ठेवला होता तिथेच होता. उकडे तांदूळ एका पिशवीत बांधले, थर्मास घेतला, नकाशा पर्समध्ये ठेवला आणि रात्रीच्या गाडीने कुडाळहून निघाले. शनिवारी सकाळी मुंबईत चुलत दिराकडे पोचले. ज्या वेळेला मी त्यांच्या सोफ्यावर चहा पीत होते, त्याच सुमाराला मी त्या हॉटेलच्या दारात बॅग ठेवायला उभी असायला हवं होतं.

रविवारी संध्याकाळी तो गेला. नर्सचाच फोन आला. तिने सांगितलं, दुपारी ते एक शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते, आम्हाला कळला नाही, आम्ही त्यांचा हात धरून बसलो. मी तिला विचारलं, कोणता शब्द? तिला तो उच्चारता येईना. तिने प्रयत्न केला, मग रडायला लागली आणि 'सॉरी' म्हणाली. सत्तावीस वर्षांत तो माझ्याशी जे बोलला त्यातलं निम्मं मी विसरले आहे. हा एक शब्द मी ऐकलाच नाही, आणि त्याच्याशिवाय दुसरं काही आठवत नाही.

लेक पुण्याहून रात्रीत मुंबईला आली. तिचा पहिलाच प्रश्न होता, "आई, तू गुरुवारी का नाही गेलीस?"

मला विचार करायलाही वेळ लागला नाही. तोंडातून निघून गेलं, "आजीने गावात जाऊ दिलं नाही."

एवढंच. एक वाक्य. नंतर सुधारता आलं असतं. दुसऱ्या दिवशी, तेराव्याला, वर्षश्राद्धाला. प्रत्येक वेळी मी म्हणायचे, आता पोरीचं मन ठिकाणावर नाही, पुढे सांगू. आणि खरं सांगायचं तर ते वाक्य माझ्या सोयीचं होतं. भेटायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, जुनी माणसं, त्यांना कोण समजावणार? मी खाली बघायचे. सासू आतल्या खोलीत असायची. दारं आमच्याकडे काही इतकी जाड नाहीत.

लेकीने आजीशी बोलणं टाकलं. पुण्याहून यायची ती फक्त गणपतीला, दोन दिवस, आणि आजीच्या ताटात वाढायचीसुद्धा नाही. सासू तिच्यासाठी आंबोळ्यांचं पीठ वाटून ठेवायची. त्याच्या आंबोळ्या मी करायचे आणि लेक 'भूक नाही' म्हणायची.

गेल्या वर्षी पुन्हा गावपळण आली. चार वर्षं झाली होती. त्याच सड्यावर, जवळजवळ त्याच जागी आमची खोप. लेक या वेळी मुद्दाम रजा काढून आली. का ते मला कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघी जेवायला बसलो. मी भात वाढत होते. लेकीने हात थांबवला आणि आजीकडे वळली.

"आजी, एकदाच विचारते. तेव्हा आईला पासपोर्ट आणायला का गो जाऊ दिलं नाहीस?"

सासूला आता कमी ऐकू येतं. मला क्षणभर वाटलं, तिने ऐकलंच नसेल. पण तिने ऐकलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. शाळेत एखादं पोर उत्तर विसरलं की आपण बघतो ना, सांगते का बघू, तसं. डाव माझ्या हातात होता, त्यातून भाताचं शीत शीत खाली पडत होतं. मी तो पुन्हा भातात घातला.

मग ती नातीला म्हणाली, "भय वाटला गो माका देवाचा. म्हाताऱ्या माणसाची बुद्धी ती. माझा चुकला."

लेक रडायला लागली. उष्ट्या हाताने तिने आजीला मिठी मारली, म्हणाली, जाऊ दे आजी, जाऊ दे. सासूने तिच्या पाठीवरून हात फिरवला. चार वर्षांनी पोरीने आजीला माफ केलं. मी समोर बसले होते. मी भात वाढला, आमटी वाढली, माझंही ताट वाढून घेतलं आणि जेवले.

ती आंबोळ्या खाते आता. आजीला रोज फोन करते, पुण्याला घेऊन जाते म्हणते. घरात सगळं ठीक आहे. नकाशा अजून माझ्या पर्समध्ये आहे, घडीवर फाटलेला.

सासू त्र्याऐंशी वर्षांची आहे. तिला वाचता येत नाही. लेकीला येतं, म्हणून हे लिहिलं.